फिटनेसचा कागद मागायचा हक्क कुणाचा? पोलिसाचा की आरटीओचा?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मागच्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की ट्रॅफिक पोलिसाला गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे याचा दाखला, मागायचा अधिकारच नाही, तो फक्त आरटीओवाल्यांना. त्या दिवसापासून आमच्या टेम्पोवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या कात्रणाचा फोटो फिरतोय, आणि आमची पोरं तशी आधीच तापट, आता कात्रण दाखवून भर चौकात पोलिसांशी हुज्जत घालायला लागलीत. सोलापुरात माझे दोन टेम्पो आहेत, अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरीचे गठ्ठे आणि सीझनला मार्केट यार्डातून कांदा, असा धंदा. ड्रायव्हरला गाडी घेऊन बाहेर पाठवायचं तर हा विषय मालकाला पाठ असावाच लागतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, जागा असेल तर पूर्ण छापा, नसेल तर कापा पण अर्धवट कापू नका, कारण सगळा घोळ अर्धवट वाचल्यानेच झालाय.

त्या वाचकांनी काय केलं असणार ते सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, त्यातलं कलम १३० वाचलं असणार. त्यात पहिल्याच पोटकलमात आहे की वर्दीतल्या कुठल्याही पोलीस अधिकाऱ्याने मागितलं तर ड्रायव्हरने लायसन दाखवायचं. बास, तिथं पोलिसाचं नाव आहे आणि लायसनचं. मग पोटकलम ३ मधे येतं की नोंदणी करणारा अधिकारी किंवा मोटार वाहन खात्याचा अधिकार दिलेला अधिकारी मागेल तेव्हा मालकाने, मालक नसेल तर ड्रायव्हरने, इन्शुरन्स दाखवायचा आणि ट्रान्सपोर्ट गाडी (टेम्पो, ट्रक, रिक्षा असली धंद्याची गाडी) असेल तर फिटनेस आणि परमिटपण. इथं पोलीस हा शब्दच नाही. एवढं वाचलं की कुणालाही वाटेल, चला, फिटनेस म्हणजे आरटीओचं काम, पोलिसाचा काय संबंध.

पण कायदा १३० ला संपत नाही ना भाऊ. पुढं कलम १५८ आहे, ते इन्शुरन्सच्या प्रकरणात आत लपलंय म्हणून कुणी तिकडं जात नाही. त्यात स्वच्छ लिहिलंय की राज्य सरकारने अधिकार दिलेल्या वर्दीतल्या पोलीस अधिकाऱ्याने सांगितलं तर सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवणाऱ्याने इन्शुरन्स, आरसी (नोंदणीचा कागद), पीयूसी (धुराच्या तपासणीचा कागद), लायसन आणि ट्रान्सपोर्ट गाडी असेल तर फिटनेस आणि परमिट हे सगळं दाखवायचं. आणि त्याच्यावर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १३९, तो तर याहून सरळ आहे, वर्दीतला कुठलाही पोलीस अधिकारी किंवा राज्य सरकारने अधिकार दिलेला दुसरा कुठलाही अधिकारी यांनी मागितलं की ड्रायव्हर-कंडक्टरने आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, परमिट, लायसन आणि बाकीचे लागू असलेले कागद दाखवायचे, कागदावर असोत नाहीतर मोबाईलमधे.

म्हणजे सात रस्त्याला उभा असलेला वर्दीतला ट्रॅफिक पोलीस फिटनेस मागू शकतो. आसरा चौकात पण मागू शकतो. शहर आयुक्तालयाची हद्द बाळ्याच्या पुढं संपली की ग्रामीण पोलीस मागू शकतात, हायवेवर महामार्ग पोलीस मागू शकतात, आणि आरटीओच्या वायुवेग पथकाची गाडी आडवी आली तर ते तर मागणारच, त्यांचं कामच ते आहे. "तुम्ही शहरवाले, तुम्हाला हा कागद बघता येत नाही" असलं बोलून काही होत नाही, उलट सांगितलेलं न ऐकणं आणि माहिती नाकारणं यासाठी कलम १७९ आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात दोन हजारापर्यंत दंड आहे. हुज्जतीपायी दोन हजार घालवायचे असतील तर आपली मर्जी.

वर्दी मात्र पाहिजे, हे दोन्हीकडं आहे, कलमातपण आणि नियमातपण. साध्या कपड्यातला कुणी येऊन "कागद दाव" म्हणाला तर आधी तो कोण हे विचारायचा हक्क ड्रायव्हरला आहे आणि त्यात उर्मटपणा काहीच नाही. अजून एक, आपल्याकडं आरटीओचे निरीक्षक पण खाकीतच असतात, त्यामुळे ड्रायव्हर लोकांना कोण पोलीस आणि कोण मोटार वाहन निरीक्षक हे कळत नाही, दोघांनाही साहेब म्हणून मोकळे होतात. पण फरक कळून घ्या, कारण कागद बघण्यापुरते दोघे सारखे असले तरी त्याच्या पुढच्या कामात सारखे नाहीत. तिकडे येतोच.

त्याआधी खासगी गाडीवाल्यांसाठी दोन ओळी, कारण आमच्या जुळे सोलापुरातल्या गल्लीत पण हाच प्रश्न चाललाय. घरच्या कारला किंवा मोटारसायकलला आमच्यासारखं वेगळं फिटनेस सर्टिफिकेट काढावं लागत नाही. कलम ५६ चं ते सर्टिफिकेट ट्रान्सपोर्ट गाडीला, म्हणजे टेम्पो, ट्रक, रिक्षा, टॅक्सी, बस. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, आरसीवर तारीख असते, ती संपली की गाडी दाखवून पाच वर्षांसाठी रिन्यू करायची. त्यामुळे पाच-सात वर्षं जुन्या घरच्या कारवाल्याकडं कुणी आरसी सोडून वेगळा फिटनेस मागितला तर आरसीवरची तारीख दाखवायची, विषय संपला. आमचं तसं नाही. नवीन ट्रान्सपोर्ट गाडीला पहिली दोन वर्षं, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग, म्हणजे गाडी दाखवून फिटनेस नवा करून घ्यायचा, आणि आठच्या पुढं दरवर्षी. पासिंग राहिलं तर काय होतं ते कलम ५६ मधेच आहे, ज्या ट्रान्सपोर्ट गाडीला चालू फिटनेस नाही तिची नोंदणीच वैध धरत नाहीत. म्हणजे कागदाची तारीख गेली की तुमची पासिंग नंबरची गाडी कायद्याच्या नजरेत बिननोंदणीची गाडी, आणि मग कलम १९२ लागतं, पहिल्या वेळी दोन हजार ते पाच हजार दंड, परत सापडला तर पाच ते दहा हजार किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी अडकवून ठेवायचा अधिकार कलम २०७ मधे पोलिसालापण आहे. हे आमच्या ग्रुपवर कुणी टाकत नाही, तिथं फक्त "पोलिसाला अधिकार नाही" एवढंच फिरतं.

आता मोबाईलचं. ऑगस्ट २०१८ मधे केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं की डिजिलॉकर आणि एमपरिवहन या सरकारी ॲपमधले कागद मूळ कागदासारखेच धरा, त्याच वर्षी नियम १३९ मधे पण "कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक" असं घातलं. पण ड्रायव्हर लोक काय करतात, मालकाने कधीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला आरसीचा फोटो गॅलरीतून काढून दाखवतात, तो पण आडवा, अर्धा अंगठा आलेला, आणि मग "डिजिटल चालतं साहेब" म्हणून भांडतात. गॅलरीतला फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे. ॲपमधे उघडून दाखवा. माझ्या दोन्ही ड्रायव्हरना मी ॲप टाकून दिलंय आणि मूळ फिटनेसची एक झेरॉक्स पण प्लास्टिकमधे घालून डॅशबोर्डला ठेवलीय, कारण मोहोळच्या पुढं कधी रेंज असते कधी नसते.

आणि ते पंधरा दिवसांचं. नियम १३९ मधे आहे की कागद जवळ नसेल तर पंधरा दिवसांत साक्षांकित उतारा दाखवा नाहीतर रजिस्टर पोस्टाने पाठवा. खरंय. पण कलम १३० आणि १५८ मधे जी नंतर आणून दाखवायची मुभा आहे तिथंच खाली लिहिलंय की ट्रान्सपोर्ट गाडीला ती तशीच्या तशी लागू नाही. म्हणून पंधरा दिवसांच्या भरवशावर टेम्पोचे कागद घरी कपाटात ठेवणाऱ्यांनी तो भरवसा सोडावा हे बरं.

आता येतो फरकाकडं, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कागद बघणं वेगळं आणि गाडी बघून "ही गाडी अनफिट आहे" म्हणणं वेगळं. कागदावरची तारीख बघायला काही शिकावं लागत नाही, तारीख चालू आहे की गेली, बास. पण ब्रेक धरतो का, स्टेअरिंगला किती प्ले आहे, हेडलाईटचा झोत कुठं पडतो, चेसिस कुठं वेल्डिंग केलंय का, हे बघायला माणूस त्यातला लागतो. म्हणून फिटनेस देणं हे मोटार वाहन निरीक्षकाचं किंवा सरकारने मान्यता दिलेल्या टेस्टिंग स्टेशनचं काम, ब्रेकसाठी तर मुंबई हायकोर्टाने आरटीओंना अडीचशे मीटरचा टेस्ट ट्रॅक करायला लावला होता, जिथं ट्रॅक नव्हता तिथं पासिंग बंद पडायची वेळ आली होती. आणि दिलेला फिटनेस रद्द करणं हे पण ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याचंच काम, कलम ५६ पोटकलम ४, आणि तेही कारणं लेखी नोंदवून. चौकातला पोलीस "तुझा फिटनेस मी कॅन्सल करतो" म्हणाला तर ते त्याच्या हातात नाही. हां, टायर गुळगुळीत झालेत, ब्रेकलाईट बंद आहे, समोरची काच फुटलीय हे उघड्या डोळ्याला दिसतंय तर तो धोकादायक गाडी चालवल्याचं चलन करू शकतो, कलम १९० आहे त्याला, आणि ते त्याने करावंच, माझ्या गाडीचं पण करावं. पण चालू फिटनेस असलेल्या गाडीचं सर्टिफिकेट खोटं ठरवणं आणि चलन करणं या दोन गोष्टी आहेत. खोटं सर्टिफिकेट वाटलं, शिक्का बनावट वाटला, तर तो जप्त करायचा अधिकार कलम २०६ मधे आहे, तो वेगळा भाग.

पीयूसीचं उदाहरण घ्या म्हणजे कायद्याची रीत कळेल. कागद कुणीही वर्दीवाला बघेल, पण गाडी धूर जास्त टाकतेय अशी शंका आली आणि परत टेस्टला पाठवायची असेल तर नियम ११६ म्हणतो की तो अधिकारी फौजदाराच्या खालचा नको, किंवा मोटार वाहन निरीक्षक पाहिजे, आणि तसं लेखी सांगायचं. म्हणजे जिथं नुसती तारीख वाचायची तिथं कुणीही वर्दीतला, आणि जिथं डोकं लावून निर्णय घ्यायचा तिथं हुद्दा पाहिजे आणि कागदावर सही पाहिजे. अपघात झाल्यावरसुद्धा तेच, कलम १३६ खाली सरकारने अधिकार दिलेला माणूस गाडी तपासतो, आणि तपासायला गाडी दुसरीकडं हलवली तर कुठं नेली ते मालकाला कळवायचं आणि काम झालं की चोवीस तासांत परत द्यायची असं कलमात आहे. ज्यांच्या गाड्या पोलीस स्टेशनच्या आवारात पावसात गंजत पडल्यात त्यांनी हे कलम एकदा वाचावं.

मग बाकी लोकांचं काय, ते पण सांगतो, कारण रस्त्यावर गाडी थांबवणारे काय फक्त पोलीस आणि आरटीओ नसतात. जीएसटीचं पथक थांबवतं, त्यांना गाडी थांबवायचा अधिकार आहे, पण तो मालाच्या कागदासाठी, बिल आणि ई-वे बिल, फिटनेस हा त्यांचा विषय नाही. टोलनाक्यावरचा पोरगा फास्टॅग बघेल, फिटनेस नाही. फायनान्सवाल्यांची वसुलीची पोरं हायवेला मोटारसायकल आडवी लावून "कागद दाखव" म्हणतात, त्यांना हा कायदा कसलाच अधिकार देत नाही, त्यांना कागद दाखवू नका, सरळ पोलिसांना फोन लावा. चौकात शिट्टी घेऊन मदतीला उभा असलेला वॉर्डन वाहतूक वळवेल, ते बरंच आहे, पण कागद हातात घेणं हे त्याच्याजवळ उभ्या पोलिसाचं काम.

एमआयडीसीत कारखान्याच्या गेटवर वॉचमन फिटनेसची झेरॉक्स मागतो, ती पार वेगळी गोष्ट. तिथं कायद्याचा अधिकार वगैरे काही नाही, त्यांचा माल आहे, त्यांची अट आहे, कागद नसेल तर लोडिंग देणार नाहीत. आणि खरं सांगू, मला ते आवडतं. रस्त्यावर अडवलं की ड्रायव्हर अडकतो, माल अडकतो, कांदा असेल तर वास मारतो. गेटवर अडवलं तर रिकामी गाडी परत जाते. मार्केट यार्डात पण व्यापाऱ्यांनी कांदा भरायच्या आधी एवढं बघायला सुरुवात केली तर रात्री हायवेला निम्म्या कटकटी कमी होतील.

शाळेच्या व्हॅनचं तर लोकांना माहीतच नाही. महाराष्ट्राचे स्कूल बसचे नियम आहेत, २०११ चे, त्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती पाहिजे, मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांचा प्रतिनिधी त्यात असतो, ट्रॅफिक पोलीस आणि आरटीओचे प्रतिनिधी असतात, आणि गाडीची आरसी, फिटनेस, इन्शुरन्स, परमिट, पीयूसी, ड्रायव्हरचं लायसन हे तपासायचं काम या समितीचं आहे. म्हणजे ज्या आईबापांना वाटतं की आपण कोण विचारणारे, त्यांनी शाळेत जाऊन विचारायचं, समितीने या व्हॅनचा फिटनेस शेवटचा कधी बघितला. आमच्या भागात सकाळी ज्या व्हॅन पळतात त्यांच्यात पोरं कशी कोंबलेली असतात ते सगळे बघतात, दप्तरं खिडकीबाहेर लटकलेली, आणि मग एखादी पलटी झाली की सगळे विचारतात फिटनेस होता का. आधी विचारा की.

आणि बघायचं म्हणलं तर आता कुणीही बघू शकतो. एमपरिवहनवर गाडीचा नंबर टाका, फिटनेस कधीपर्यंत, इन्शुरन्स कधीपर्यंत, सगळं येतं, मालकाचं नाव पूर्ण येत नाही तेवढंच. तुळजापूरला किंवा पंढरपूरला जायला भाड्याची गाडी ठरवताय ना, ॲडव्हान्स द्यायच्या आधी नंबर टाकून बघा. त्यात ड्रायव्हरने रागवायचं कारण नाही, पण त्यासाठी गाडी रस्त्यात अडवायचा हक्क मात्र तुम्हाला मिळत नाही.

हे झालं हक्काचं. आता माझं खरं गाऱ्हाणं, ज्याच्यासाठी एवढं लांबण लावलं.

पोलिसाला फिटनेस बघायचा अधिकार आहे हे मी वर कबूल केलंय आणि त्याच्या बाजूनेच बोललोय. पण ज्या नियम १३९ ने तो अधिकार दिला त्याच नियमात १ ऑक्टोबर २०२० पासून अजून दोन गोष्टी घातल्यात, आणि त्या दोन गोष्टी रस्त्यावर मला तरी दिसत नाहीत. पहिली, कागदाची माहिती ऑनलाईन तपासून बरोबर निघाली तर मूळ कागद मागायचाच नाही. म्हणजे नंबर टाकला, फिटनेस चालू दिसतोय, तर "ओरिजिनल कुठाय" हा प्रश्नच संपला. दुसरी याहून मोठी, कागद मागितले किंवा तपासले की त्या तपासणीची तारीख, वेळ आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याची ओळख पोर्टलवर नोंदवायची. कशाला, तर त्याच गाडीला पुढं परत परत अडवू नये म्हणून. एवढा शहाणा नियम सरकारने स्वतःहून केला आणि तो रस्त्यावर उतरलाच नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. गाडी एमआयडीसीतून निघते, शहरात एकदा अडवतात, सगळे कागद बघतात, सोडतात. बाळ्याच्या पुढं परत. मग कधी मोहोळच्या बाजूला, कधी टेंभुर्णीच्या अलीकडं. प्रत्येक ठिकाणी तेच कागद, तोच फिटनेस, तारीख काय दोन तासांत बदलत नाही. कागद पूर्ण आहेत म्हणल्यावर मग बाकीचं शोधणं सुरू होतं, रिफ्लेक्टर टेप एका जागी उचकटलीय, पाटी पुसट झालीय, आणि शेवटी काय अपेक्षा असते ते तुम्हालाही माहीत आहे आणि तुमच्या वाचकांनाही. मी कुठल्या नाक्याचं नाव घेत नाही, सगळीकडे सगळे तसे नाहीत, उन्हात उभं राहून इमानदारीत काम करणारी पोरं पण मी बघितलीत. पण जर पहिल्या ठिकाणी अधिकाऱ्याने मशीनमधे नोंद केली असती की सकाळी अमुक वाजता या नंबरचे कागद बघितले, बरोबर होते, आणि ती नोंद पुढच्याला दिसली असती, तर पुढच्याला परत अडवायला तोंडच राहिलं नसतं. चलन झालं तर नोंद होते, फोटोसकट मोबाईलवर मेसेज येतो. सगळं बरोबर निघालं तर नोंद नाही. म्हणजे ज्याचे कागद चालू त्याच्या चालू कागदाचा पुरावा कुठंच राहत नाही.

कुणी म्हणेल हे होणार कसं, एवढ्या गाड्या, एवढे नाके. मग जीएसटीवाल्यांचं बघा. त्यांच्या नियम १३८सी मधे आहे की वाटेत गाडीचा माल तपासला की चोवीस तासांत त्याचा थोडक्यात रिपोर्ट ऑनलाईन टाकायचा, तीन दिवसांत शेवटचा रिपोर्ट, आणि एकदा एका ठिकाणी माल प्रत्यक्ष तपासून झाला की त्या राज्यात परत तपासायचा नाही, करचुकवेगिरीची ठोस खबर असेल तरच. माझे टॉवेलचे गठ्ठे नळदुर्ग-उमरगा मार्गे हैदराबादला जातात तेव्हा मालाला एवढं संरक्षण आहे. त्याच गाडीच्या फिटनेसला, जो कायद्याने अख्ख्या भारतात चालतो, त्याला आपल्याच जिल्ह्यात दर वीस किलोमीटरला परत परीक्षा. कराच्या खात्याला जमतं ते गृह आणि परिवहन खात्याला का जमू नये, दोघांकडं मशीन तेच, मोबाईल तोच, नेट तेच.

आणि या सगळ्यात ज्यांना खरंच अडवायला पाहिजे ते सुटतात. आता उसाचा सीझन आला की बघा, संध्याकाळनंतर मंगळवेढा रोडला, पंढरपूर रोडला, ट्रॅक्टरला मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूला लोंबतोय, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, मोठ्याने गाणी लावलेली, पाठीमागचा हॉर्न ऐकू येत नाही. मोटारसायकलवाला अंधारात थेट ट्रॉलीत घुसतो, दरवर्षी तुमच्याच पेपरात बातम्या येतात. शेतीचा ट्रॅक्टर नियमात नॉन-ट्रान्सपोर्ट धरतात, त्यामुळे आमच्यासारखा फिटनेसचा कागद त्याला मागता येत नाही हे मान्य, पण दिवा नाही हे बघायला कागद कशाला लागतो, वर सांगितलेलं कलम १९० तिथं वापरा की. मी शेतकऱ्याच्या विरोधात नाही, माझं गाव पण उसाचंच, पण ट्रॉलीला मागे दोन रेडियम लावायला किती पैसे लागतात. कारखान्याच्या गेटवर वजनाच्या आधी एवढं बघितलं तरी बास. तपासणाऱ्यांचा वेळ कागद चालू असलेल्या टेम्पोची तीच तारीख चौथ्यांदा वाचण्यात जातो, हे मला पटत नाही.

आमच्या लोकांनाही एक सांगतो. पासिंगची तारीख चुकवायची आणि मग अधिकाराच्या गप्पा मारायच्या हे बंद करा. उशीर झाला की दिवसाला पन्नास रुपये दंड लावायचे, त्याच्याविरुद्ध २०२४ मधे राज्यभर रिक्षावाले रस्त्यावर उतरले, ते बरोबरच होतं, गरीबाची रिक्षा दोन वर्षं दारात उभी राहिली तर दंड छत्तीस हजारांवर जायचा. पण दंड जास्त आहे म्हणून बिनब्रेकच्या गाडीत माणसं बसवणं हे काही त्याचं उत्तर नाही. आणि एजंटला पैसे देऊन गाडी न दाखवता पासिंग करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, तो कागद अपघातानंतर तुम्हाला वाचवणार नाही, इन्शुरन्सवाले पहिला तोच उकरून काढतात.

तर संपादक साहेब, तुमच्या पेपरातून माझी विनंती शहर पोलीस, ग्रामीण पोलीस आणि आरटीओ तिघांना. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, गावात बाहेरच्या गाड्या येतात, नाकाबंदी वाढते, त्याच्या आधी एवढं करा. नाक्यावर असलेल्या प्रत्येकाला नियम १३९ पूर्ण वाचायला द्या, अधिकाराचा भाग पण आणि नोंद करायचा भाग पण. ड्रायव्हरने नंबर सांगितला, ऑनलाईन सगळं चालू दिसलं, तर वेळ आणि आपलं नाव टाकून गाडी सोडा. आणि ती नोंद गाडीमालकाला एमपरिवहनवर किंवा साध्या मेसेजने दिसेल असं करा, जसा चलनाचा मेसेज येतो तसाच. तोपर्यंत मी माझ्या ड्रायव्हरना सांगून ठेवलंय, वर्दीतल्या कुणीही फिटनेस मागितला तर वाद न घालता दाखवायचा, आणि दाखवून झाल्यावर साहेबांना नम्रपणे विचारायचं, साहेब, नोंद केली का.

ही नोंद आपल्या जिल्ह्यात कुठल्या पोर्टलवर होते, आणि होत असेल तर मालकाला ती कुठं बघायला मिळेल, याचं उत्तर दोन्ही खात्यांनी याच सदरात द्यावं. ग्रुपवर फिरवायला मग मी त्याचंच कात्रण टाकीन.

आपला,
एक टेम्पोमालक
जुळे सोलापूर